गुडघ्याला दोष देण्याआधी वेग मोजा: चालण्याचा वेग आणि सांध्यांची हालचाल घरच्या घरी कशी तपासावी

गुडघ्याचा सांधा बदलून दोन महिने झालेल्या एका निवृत्त शिक्षिकेला त्यांचा मुलगा माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी घेऊन आला, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये दोन चित्रफिती होत्या. एक तीन वर्षांपूर्वीची होती. तीत बाई लग्नाच्या कार्यालयात पाहुण्यांच्या स्वागतासाठी लगबगीने चालत होत्या. दुसरी आदल्या संध्याकाळची, घरच्या व्हरांड्यातली होती. पहिल्या चित्रफितीत गुडघा छान वाकत होता, दुसऱ्या चित्रफितीत पाय जवळजवळ सरळच पुढे येत होता आणि त्यावरून शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष मुलाने काढला होता. मी बाईंना माझ्या खोलीबाहेरच्या मार्गिकेत चालायला सांगितले. त्यांचा वेग सेकंदाला ०.६ मीटर भरला आणि शस्त्रक्रिया झालेला उजवा गुडघा पाय उचलताना सुमारे ४० अंश वाकला. मग मी म्हणाले, “काकू, सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडायचाय असं समजून चाला.” त्या सेकंदाला ०.९५ मीटर वेगाने चालल्या आणि तोच गुडघा ५२ अंश वाकला. दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर होते, सांधा तोच होता आणि वेग तेवढा बदलला होता.

चालण्याचा वेग न नोंदवता चालीविषयी मत देणे म्हणजे ताप किती वाजता मोजला, औषध घेण्याआधी की नंतर, हे न सांगता तो उतरला असे म्हणण्यासारखे आहे. वेग कमी झाला की निरोगी माणसाचाही गुडघा कमी वाकतो, खुब्यातून पाय कमी मागे जातो आणि घोट्याचा जोर उणावतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची, दुखण्यातून उठलेल्या माणसाची किंवा स्वतःची चाल तपासायची असेल, तर आधी वेग कसा मोजावा आणि मग सांध्यांकडे कसे पाहावे, हे पुढे क्रमाने सांगते.

जागा, पोशाख आणि खुणा

सरळ, सपाट, कोरडी आणि किमान १४ मीटर लांबीची जागा शोधावी. इमारतीची मार्गिका, गच्ची किंवा मंगल कार्यालयाचा रिकामा सभामंडप चालतो. मधल्या १० मीटरच्या दोन टोकांना खडूने आडव्या रेघा मारून घ्याव्यात आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर मोकळे सोडावेत. पहिल्या काही पावलांत माणूस वेग पकडत असतो आणि शेवटच्या पावलांत थांबण्याच्या तयारीत असतो, त्यामुळे ही पावले मोजणीत धरली तर वेग खोटा कमी येतो. टेप नसेल तर फरशा मोजाव्यात, पण आधी एका फरशीची लांबी पट्टीने तपासून घ्यावी. ज्यांना आपण दोन फुटी फरशा म्हणतो त्या बहुधा ६० सेंटिमीटरच्या असतात आणि १० मीटरमागे जवळजवळ १७ बसतात.

पोशाखाकडे फार दुर्लक्ष होते. साडीत गुडघा दिसत नाही आणि निऱ्यांमुळे पाऊल आखूड पडते, म्हणून बायकांनी सलवार किंवा ट्रॅक पँट घालून चालावे. ते नको असेल तर साडीतच चालावे, पण मग पुढची प्रत्येक मोजणीही साडीतच करावी. पादत्राणांचेही तसेच आहे. सैल स्लिपर पायातून निसटू नये म्हणून माणूस बोटांनी ती धरून ठेवतो आणि पाऊल लहान टाकतो, तर पट्ट्याच्या चपलेत तोच माणूस मोकळेपणाने चालतो.

सांध्यांच्या जागा दाखवायला मी मोठ्या लाल टिकल्या वापरते, कारण त्या कापडावर चिकटतात आणि चित्रफितीत ठळक दिसतात. पहिली टिकली खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर लावावी. तळहात तिथे ठेवून पाय आत-बाहेर फिरवायला सांगितला की ते टोक हाताखाली हलते आणि जागा नेमकी सापडते. दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सांध्याच्या मध्यावर, तिसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडावर आणि चौथी करंगळीच्या मुळाशी लावावी.

तीन वेगांच्या फेऱ्या

प्रत्येकाकडून तीन वेगांनी चालून घ्यावे: नेहमीच्या, सावकाश आणि न पळता जमेल तितक्या घाईच्या. सूचना देताना शब्द दर वेळी तेच ठेवावेत, कारण “जरा भरभर चाला” आणि “बस सुटते आहे असं समजून चाला” या दोन वाक्यांनी माणूस वेगवेगळा चालतो. नेहमीचा वेग सगळ्यांत आधी घ्यावा, नाहीतर घाईच्या फेरीची लय त्यात उतरते. प्रत्येक वेगाच्या दोन फेऱ्या घेऊन सरासरी काढावी.

पुढचा पाय पहिल्या रेघेपलीकडे टेकला की घड्याळ सुरू करावे आणि दुसऱ्या रेघेपलीकडे टेकला की थांबवावे. मधली पावले दुसऱ्या कोणीतरी मोजावीत, कारण दोन्ही कामे एकट्याने करताना चूक होते. तोल जाणारी व्यक्ती असेल तर सोबत करणाऱ्याने शेजारी, अर्धे पाऊल मागे चालावे. पुढे चालले किंवा हात धरला की तो सोबत्याचाच वेग मोजला जातो. ज्यांना चक्कर येते, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा चालताना छातीत दुखते, त्यांच्याकडून घाईची फेरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता आकडे मांडू. समजा, नेहमीच्या वेगाने १० मीटर अंतर ७.५ सेकंदांत आणि १४ पावलांत कापले. म्हणजे वेग सेकंदाला १.३३ मीटर, एका पावलाची लांबी सुमारे ७१ सेंटिमीटर आणि मिनिटाला ११२ पावले झाली. सावकाश फेरीला १६ सेकंद आणि १९ पावले लागली, तर वेग ०.६३ मीटर, पाऊल ५३ सेंटिमीटरचे आणि मिनिटाला ७१ पावले. घाईच्या फेरीत ५.४ सेकंद आणि १२ पावले लागली, तर वेग १.८५ मीटर, पाऊल ८३ सेंटिमीटरचे आणि मिनिटाला १३३ पावले. वेग वाढवताना माणूस पाऊलही लांब टाकतो आणि पावलेही भराभर टाकतो, दोन्ही बरोबरीने. एखाद्याच्या नोंदीत मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या वाढली पण लांबी तेवढीच राहिली, तर तो वेगासाठी फक्त पावले भराभर टाकतो आहे, आणि मग खुबा मागे जातो का, घोटा जोर लावतो का, हे पाहावे लागते.

निरोगी प्रौढांचा नेहमीचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ ते १.४ मीटरच्या आसपास असतो. याच सुमाराच्या वेगात एक किलोमीटर चालायला सगळ्यांत कमी ऊर्जा लागते. फार भरभर चालले तर ऊर्जा जास्त लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते, पण फार सावकाश चालले तरीही तेवढ्याच अंतरासाठी ती जास्त लागते. ज्येष्ठांच्या स्नायूंची झीज तपासताना आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग ही इशाऱ्याची पातळी ठरवली. रस्त्यावरचा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवावा. सिग्नलची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास चालतो असे बऱ्याच ठिकाणी धरतात. त्या वेगाने १५ मीटर रुंदीचा रस्ता साडेबारा सेकंदांत ओलांडला जातो, तर ०.८ मीटर वेगाच्या आजोबांना जवळजवळ १९ सेकंद लागतात.

मुलांना हे आकडे लावू नयेत. चालण्याचा वेग पायाच्या लांबीशी बांधलेला असतो, कारण टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे पुढे जाते. खुब्यापासून जमिनीपर्यंत ९० सेंटिमीटर पाय असलेला बाप सेकंदाला १.३ मीटर चालत असेल, तर त्याचे बोट धरून चालणाऱ्या, ५० सेंटिमीटर पायाच्या मुलासाठी तोच वेग बापाच्या १.७५ मीटरइतका जड असतो. मूल मधूनमधून पळते ते खोडकरपणाने नव्हे. मोठी माणसेसुद्धा सेकंदाला साधारण २ मीटरच्या पुढे आपोआप पळू लागतात.

मोबाइलने काय टिपावे

मोबाइल तीन-चार मीटर अंतरावर, गुडघा आणि खुबा यांच्या मधल्या उंचीवर, चालण्याच्या रेषेला अगदी काटकोनात स्थिर ठेवावा. हातात धरू नये आणि माणसाबरोबर फिरवू नये. माणूस कॅमेऱ्याच्या थेट समोर असतानाची एक-दोन पावलेच मोजावीत, कारण बाजूला गेलेल्या पायाचा कोन तिरपा दिसतो आणि चुकतो.

चित्रण स्लो मोशनमध्ये करावे. याचे कारण साधे आहे. एकाच पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाला चालचक्र म्हणतात आणि नेहमीच्या वेगात ते साधारण १.१ सेकंदाचे असते. त्याच्या पहिल्या १५ टक्क्यांत, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात, गुडघ्याची एक महत्त्वाची हालचाल होऊन जाते. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या साध्या चित्रणात ती पाचेक चित्रांत संपते, तर २४० चित्रांच्या चित्रणात तिची ४० चित्रे मिळतात.

मग चित्रफीत हवी तिथे थांबवून खुबा-गुडघा आणि गुडघा-घोटा अशा दोन रेषा कल्पाव्यात आणि कंपासपेटीतला कोनमापक पडद्यावर धरून कोन मोजावा. तो १८० मधून वजा केला की गुडघा किती वाकला ते कळते. या पद्धतीत पाच अंशांची चूक सहज होते, म्हणून दोन-तीन अंशांच्या फरकावरून कोणी हुरळू नये किंवा घाबरू नये.

वेगाबरोबर सांधे कसे बदलतात

सर्वांत जास्त वेळ गुडघ्याला द्यावा. चालचक्रात तो दोनदा वाकतो आणि ही दोन वाकणी वेगवेगळ्या कारणांनी होतात.

पहिले वाकणे टाच टेकल्यावर लगेच येते. शरीराचा भार पायावर येतो, जमिनीचा उलटा दाब गुडघ्याच्या मागून जातो, गुडघा वाकू लागतो आणि मांडीचे पुढचे स्नायू त्याला ताणाखाली सैल सोडत आवरतात. नेहमीच्या वेगात हे वाकणे १५ ते २० अंशांचे असते. घाईत पाऊल लांब पडते, धक्का मोठा होतो आणि वाकणे वाढते. सावकाश चालताना मात्र ते काही अंशांवर येते, कधी दिसतही नाही. गुडघा दुखणारा माणूस आपोआप हळू का चालतो, याचे एक उत्तर इथे आहे. हळू चालले की मांडीच्या स्नायूंना कमी ओढावे लागते आणि सांध्यावरचा दाब कमी होतो. पाय जमिनीवर जो भार देतो त्याचाही हिशेब असाच आहे. नेहमीच्या वेगात तो शरीराच्या वजनाच्या सव्वापटीच्या आतबाहेर जातो, अगदी सावकाश चालताना वजनाइतकाच राहतो आणि घाईत आणखी वर चढतो.

दुसरे वाकणे पाय उचलून पुढे नेताना होते आणि ते नेहमीच्या वेगात ६० अंशांच्या आसपास असते. पाय उचलताना गुडघा आपण मुद्दाम वाकवतो असे बहुतेकांना वाटते, पण या वाकण्याचा मोठा भाग आयता मिळतो. दोन कड्यांच्या साखळीची वरची कडी पुढे हिसकली की खालची मागे रेंगाळते, तसे इथे होते. घोट्याच्या रेट्याने आणि खुब्याच्या स्नायूंनी मांडी पुढे फेकली जाते, नडगी मागे राहते आणि गुडघा दुमडतो. वेग कमी असला की मांडी फेकलीच जात नाही, म्हणून नडगी मागे राहत नाही आणि गुडघा कमी वाकतो. सांध्यात काहीही अडकलेले नसताना हे होते. त्या शिक्षिकाबाईंचा शस्त्रक्रिया न झालेला डावा गुडघासुद्धा सेकंदाला ०.६ मीटर वेगात ४६ अंशच वाकत होता. मुलाने दोन वेगवेगळ्या वेगांच्या चित्रफिती शेजारी ठेवल्या होत्या, दोन पाय मात्र शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

घोटा पावलाच्या शेवटी चवड्यावर रेटा देतो. पोटरीचे स्नायू इथे काम करतात आणि वेग वाढवण्यातला मोठा वाटा त्यांचाच असतो. मागून चित्रण केले तर टाच केव्हा आणि किती उचलली जाते ते दिसते. सावकाश चालणारा माणूस पाय रेटून सोडत नाही, नुसता उचलतो.

खुब्याची हालचाल नेहमीच्या वेगात सुमारे ४० अंशांची असते, ३० पुढे आणि १० मागे. यातले मागचे १० अंश मोलाचे आहेत. लांब पाऊल टाकायचे तर मागचा पाय तेवढा मागे राहावा लागतो. तो जात नसेल तर माणूस कंबर आत वळवून ती उणीव भरून काढतो आणि घाईच्या फेरीत कमरेचा आतला बाक जास्त दिसू लागतो.

दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळही मोजावा. नेहमीच्या वेगात तो चालचक्राच्या २० टक्क्यांच्या आसपास असतो, दोन हप्त्यांत, प्रत्येकी सुमारे १० टक्के. वेग कमी झाला की तो वाढतो, वाढला की घटतो आणि पळताना संपतो. त्यामुळे सावकाश चालणे सर्व बाजूंनी सुरक्षित, असे वाटू शकते. तसे नाही. सावकाश चालताना चक्रच लांबते, म्हणून एका पायावर उभे राहण्याचे सेकंदही वाढतात आणि शरीर डावी-उजवीकडे जास्त झुलते. तोल कच्चा असलेल्या माणसाला “हळू चाल” असे सारखे सांगणारे घरचे लोक प्रेमापोटीच सांगतात, पण कधीकधी त्याला त्याच्या सोयीच्या वेगापेक्षाही खाली ढकलतात.

हातांकडे एकदा नजर टाकली तरी पुरे. नेहमीच्या वेगात हात विरुद्ध पायाबरोबर पुढे जातो. फारच हळू चालताना दोन्ही हात प्रत्येक पावलाला एकदा, म्हणजे दुप्पट वेळा हलतात किंवा हलायचेच थांबतात. हे आजाराचे लक्षण मानू नये, मात्र घाईच्या फेरीतही एक हात अंगाला चिकटून राहिला तर ती गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी.

दोष कोणता आणि वेगाचा परिणाम कोणता

इथे तीन वेगांच्या फेऱ्या कामाला येतात. वेग वाढवला की सांध्याची हालचालही वाढली, तर सांध्यात जागा आहे आणि हालचाल कमी दिसण्याला मुख्यतः वेग कारण आहे. मग प्रश्न बदलतो: माणूस हळू का चालतो? वेदना, पडण्याची भीती, अशक्तपणा, दम लागणे, नजर अधू होणे, सवय, यांपैकी काय आहे ते शोधावे लागते. वेग वाढूनही हालचाल तिथेच राहिली, तर दोष सांध्यात, स्नायूत किंवा मज्जासंस्थेत असण्याची शक्यता बळावते. अर्धांगवायूनंतर ज्यांच्या मांडीचे स्नायू ताठरतात त्यांच्यात हे स्पष्ट दिसते. असे स्नायू भरकन ताणले गेले की जास्त विरोध करतात, त्यामुळे घाईच्या फेरीतही गुडघा दुमडत नाही. निरोगी ज्येष्ठांतही वेग वाढवल्यावर तरुणांशी असलेले बरेचसे फरक पुसट होतात, पण खुबा मागे कमी जाणे आणि घोट्याचा रेटा कमी पडणे हे फरक उरतात. माझ्या मते ज्येष्ठांच्या व्यायामात गुडघ्याला जेवढे लाडावले जाते तेवढेच लक्ष खुब्याच्या ताणाला आणि पोटरीच्या ताकदीला मिळायला हवे.

काही दोष उलट घाईतच उघडे पडतात. नडगीच्या पुढचे स्नायू कमजोर असतील तर सावकाश फेरीत काही कळत नाही, पण भरभर चालताना टाच टेकल्यावर पंजा फरशीवर थापकन आपटतो. हा आवाज चित्रफितीत ऐकू येतो, म्हणून चित्रण करताना पंखा बंद ठेवावा आणि बोलू नये. असा आवाज नव्याने सुरू झाला, चवडा घासटू लागला, थोड्याच दिवसांत वेग घटला किंवा दोन पायांच्या हालचालीत ठळक फरक पडला, तर चित्रफीत घेऊन डॉक्टरांकडे जावे. चाल एकाएकी बदलली, सोबत हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर मोजणीत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.

पुन्हा मोजताना जागा, पादत्राणे, दिवसाची वेळ आणि सूचनेचे शब्द तेच ठेवावेत. सेकंदाला ०.१ मीटर एवढा फरक पडला तरच वेग खरोखर बदलला असे मी धरते. सांध्यांची तुलना करायची तर आजच्या चित्रफितींतली जी फेरी जुन्या फेरीच्या वेगाशी सर्वांत जवळ असेल, तीच तुलनेला घ्यावी, मग ती आज सावकाश म्हणून चाललेली का असेना. शिक्षिकाबाईंच्या मुलाला मी तेच सांगितले. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा त्यांचा नेहमीचा वेग १.०५ मीटर झाला होता, पण मी आधी त्यांना सावकाश चालायला लावले. ०.६३ मीटर वेगात उजवा गुडघा ४७ अंश वाकला. जुन्या ४० अंशांच्या शेजारी मुलाने वहीत तो आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे कंसात वेगही लिहिला.